अनंताच्या पिशवीत राख

मला अनंत लावायला काशीबायने शिकवलं. मसोलीची काशीबाय, घोलवडच्या नर्सरीत कलमांच्या शेडमधली मोठी बाई. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण पुढचं लिहून झाल्यावर तिचं नाव घ्यायला मला तोंड उरेल की नाही, सांगता येत नाही. माझ्यासारख्या सातवीत शाळा सुटलेल्या बाईला आज एवढ्या लांब, सौराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या वसाहतीत, लोक 'बेन, जरा आमच्या झाडाकडं बघून जा' म्हणून हाक मारतात. ती हाक खरी तिची आहे. मी फक्त ओ देते.

फाल्गुन लागला की इथला कडुलिंब पानं टाकतो. झाडणाऱ्या बायका पाला भिंतीकडेला लोटतात आणि कोणीतरी काडी लावतं. आज सकाळी तो धूर माझ्या कुंड्यांवरून गेला. मी झारी खाली ठेवली, धावत गेले, अनंताची कुंडी उचलायला हात घातला आणि थांबले. कळी धरली आहे. कळी धरलेला अनंत हलवायचा नसतो. जागा बदलली, नुसतं त्याचं तोंड फिरवलं, तरी तो सगळ्या कळ्या टाकून देतो. मग मी पदर पसरून कुंडीच्या आणि धुराच्या मधे उभी राहिले. फिरायला निघालेले एक साहेब माझ्याकडं बघून हसत गेले. उडत्या राखेच्या दोन कणांनी झाडाला काही होत नाही, हे मलाही कळतं. पण कळून काय उपयोग? राख दिसली की मी धावत सुटते.

आमचं गाव तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. या दिवसांत तिकडचे डोंगर धुरकट असतात. भाताचं रोप जिथं करायचं त्या तुकड्यावर आधी शेण, मग ऐनाच्या छाटलेल्या फांद्या, वर पाला, गवत, आणि सगळ्यावर मातीचा हलका थर. याला राब म्हणतात. बा तो वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचा, म्हणजे भडका न होता आतल्या आत सावकाश जळत जातो. दिवस कलेपर्यंत जमीन काळी आणि मऊ होते. त्या राखेत पेरलेलं भात तरारून वर येतं, आणि राबाच्या बाहेर चुकून पडलेले दाणे शेजारीच पिवळे, केविलवाणे उभे असतात. पोसते ती राख, हे मी चालायला लागल्यापासून बघत आले. आई पोराच्या कपाळाला लावते ती राख. भांडी घासतो ती राख, दात घासतो ती राख. रोपाला खायला घालतो तीही राखच. यात शंका घ्यायला कुठं जागाच नव्हती. मी जी चूक केली ती आमच्याच माणसाला करता येते. शहरातल्या माणसाच्या हातून ती झाली नसती, त्याला राखेची किळस असते.

दिवाळी झाली की आम्ही सगळे वीटभट्टीवर. शिमग्याला चार दिवस घरी यायचं, राब भाजायचा, परत भट्टी, पाऊस तोंडावर येईपर्यंत. पुस्तकातले दिवाळीनंतरचे धडे मी कुठल्याच वर्षी वाचले नाहीत. सातवीत बाईंनी विचारणं सोडलं आणि मी जाणं सोडलं. पुढं भट्टीवर आईचा पाय भाजला, तिला कासा गावच्या दवाखान्यात ठेवली, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. शेजारच्या खाटेवर काशीबायची बहीण होती. काशीबाय तिला भेटायला यायची. एकदा तिने माझे हात उलटेसुलटे करून पाहिले, बाजारात वांगी बघतात तसे.

"बोटं लांब हायेत. विटांवर कशाला घासतेस?"

"दुसरं काय करू?"

"तोंड बंद ठेवता येतं?"

"येतं."

"मंग चल. शेडमधे एक बाई कमी हाय."

तोंड बंद ठेवता येतं, हे मी किती खरं बोलले होते, ते त्या दिवशी आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

नर्सरीत राहायला पत्र्याची खोली मिळाली. भिंती हलत नव्हत्या, भट्टीवरच्या झोपडीसारख्या पावसाआधी मोडून उचलायच्या नव्हत्या. त्या खोलीत मी दोन वर्षं रोज सकाळी उठून आधी भिंतीला हात लावून बघायचे. कोणी काढलं तर परत भट्टी, एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात कायम बसलेली असायची, भाजलेल्या पायासारखी.

काशीबाय मायाळू नव्हती. पहिल्या दिवशी तिने कलमाच्या चाकूनेच माझी नखं काढली, अगदी मुळाशी, रक्त दिसेपर्यंत. नखाने काडीची साल दुखते म्हणाली. मी म्हटलं, "आणि माझं बोट?" तर म्हणाली, "बोटाला चिंधी बांधता येते. काडीला नाय." मला ती नावाने हाक मारायची नाही. सुमन हे नाव तिला जड वाटायचं म्हणे. 'भट्टीवाली' म्हणायची. 'भट्टीवाली, हात धू.' 'भट्टीवाली, वीट न्हाय ती, थापू नको.' शेडमधल्या बायका हसायच्या. यमू नावाची एक होती, ती तर हसून झाल्यावर माझ्याकडं बघून परत हसायची.

पण हात धरून शिकवलं तेही तिनेच. अनंताची काडी पावसाळ्यात घ्यावी. फार कोवळी घेतली तर सडते, फार जून घेतली तर मुळं धरत नाही. खालून तपकिरी व्हायला लागलेली, वर अजून हिरवी, अशी मधली बघून वीतभर घ्यायची आणि पानाच्या गाठीखाली तिरका काप द्यायचा. खालची पानं ओरबाडायची नाहीत, चाकूने उतरवायची. वरची दोन-तीन ठेवायची, तीही अर्धी कातरून. पहिल्यांदा ती चांगली धडधाकट, तेलकट चमकणारी पानं मधून कातरताना माझा हात थांबला. काशीबाय म्हणाली, "अख्खं ठेवशील तर ते पाणी मागंल. मुळं नायत, देणार कोण? मागणारं तोंड आधी अर्धं करायचं."

मग काडी वाळूत आणि नारळाच्या भुश्यात, वर प्लॅस्टिक, त्यावर हिरव्या जाळीची सावली. दीड-दोन महिने उघडून बघायचं नाही. मला तेच जमायचं नाही. मेली असेल तर, असं सारखं वाटायचं. एकदा मी हळूच एक काडी वर ओढून मुळं आली का बघत होते. काशीबायने मागून येऊन माझी वेणी धरली आणि मला तशीच वर ओढली.

"बघू, तुला मुळं आली का."

अख्खी शेड हसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानंतर मी काडी कधी उपटली नाही.

मुळं धरली की पिशवीत. माती आंबट हवी: कुजलेला पाला, लाल माती, थोडी वाळू. सकाळचं ऊन, दुपारची सावली. पाणी रोज, पण पाय बुडतील एवढं नाही. आणि पहिल्या वर्षी कळी आली तर खुडून टाकायची. मला वाटायचं, एवढ्या कष्टाने आलेली कळी, एक तरी फुलू द्यावी. तिचं एकच उत्तर. "वास घे आणि खुड. अंगात जोर नसताना फुलतं ते झाड मरायला फुलतं." मी वास घ्यायचे आणि खुडायचे. मिटलेल्या कळीलाही थोडा वास असतो, हिरवट, दुधासारखा. बोटांना तो दुपारपर्यंत राहायचा आणि मला आपण काहीतरी चोरलंय असं वाटत राहायचं.

तिसऱ्या वर्षीचा फाल्गुन. हायवेवर कुठंतरी नवं रिसॉर्ट होत होतं, त्यांच्यासाठी तीन वाफे अनंत तयार होता. वाफा म्हणजे पिशव्यांच्या रांगा, एकीला एक टेकून. अक्षय्य तृतीयेच्या आधी गाडी भरायची होती. त्या साली नर्सरीचं तळं लवकर आटलं आणि विहिरीचं पाणी सुरू झालं. घोलवडची विहीर, समुद्र दोन हाकांवर, पाणी मचूळ आणि चुन्याचं. आठ दिवसांत अनंताची पानं पिवळट झाली, शिरा तेवढ्या हिरव्या. काशीबाय म्हणाली, पाण्याने होतंय, शेठना सांगितलंय, गोड पाण्याचा टँकर येईल, दोन पाण्यांत सावरतील.

मी शिमग्याला घरी जाऊन परत आले तेव्हा तिचा गुडघा सुजला होता. ती आठवडाभर मसोलीला घरी राहणार होती. जाताना तिने तिन्ही वाफे माझ्या ताब्यात दिले.

"फक्त टँकरचं पाणी घालायचं. अक्कल चालवायची नाय."

तिला माहीत नव्हतं, अक्कल मी आधीच चालवून आले होते. माझ्या खोलीत, दाराआड, सिमेंटच्या गोणीत राबाची राख होती. घरी राब भाजला तेव्हा मला तीन वाफ्यांतली पिवळी पानं दिसली होती. अगदी राबाबाहेरच्या भातासारखी. बाला म्हटलं, थोडी राख नेऊ का? त्याने स्वतःच्या हाताने चाळून भरून दिली. कासाला जीप बदलताना जीपवाल्याने गोणीत डोकावून पाहिलं.

"काय गं, म्हातारा गेला का? नाशिकला न्यायची का डहाणूलाच सोडायची?"

"जिवंत हाय माझा बा."

"मंग एवढी राख कोणाची?"

"राबाची. नर्सरीत नेतेय."

"नर्सरीत भात लावतात का?"

मागं दाटीने बसलेली माणसं हसली. मीही हसले. त्याने नेमका प्रश्न विचारला होता आणि आम्ही सगळे तो विनोद समजून हसत होतो.

एका सकाळी मी प्रत्येक पिशवीत मूठभर राख घातली. वर बोटाने माती ओढली, झारीने पाणी दिलं. लपवायला नाही ओढली, राबावरही माती टाकतातच. पण कोणाला सांगितलं नाही, हेही खरं. मला काशीबायला हिरवीगार पानं दाखवायची होती. तिने कमरेवर हात ठेवून म्हणावं, 'हे कोणी केलं गं?' आणि मी गप्प उभं राहावं, आणि तिने ओळखावं. 'भट्टीवाली' ऐवजी एकदा तिने 'सुमन' म्हणावं. एवढीच हाव होती. त्या हावेपायी मी तीन वाफे मारले.

तिसऱ्या दिवशी पानांची टोकं करपली. पाचव्या दिवशी हात लावला की पान गळून पडत होतं. मी पाणी घातलं, अजून पाणी घातलं. जेवढं पाणी घालत होते तेवढी राख खाली उतरत होती.

काशीबाय लंगडत आली. वाफ्याच्या कडेला बसली, एका पिशवीत बोट घातलं, माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"राखुंडी."

"नाय, ते–"

"चाळीस वर्षं दात घासते मी यानं. मला चव सांगू नको. किती पिशव्यांना?"

"सगळ्या."

"कोणी सांगितलं?"

"बा म्हणतो, राख खाल्ल्याशिवाय रोप–"

"तुझा बा भात लावतो," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नाही. "याला माती आंबट लागते. राखेनं ती उलटी फिरते. विहिरीच्या चुन्यानं आधीच अर्धमेलं झालं होतं, उरलेलं तू केलंस."

मी वाट पाहत उभी राहिले. तिने वेणीकडे हात नेला नाही. त्या दिवशी तिने मला शिवीही दिली नाही. दुपारभर आम्ही दोघी रोपं उपटून टँकरच्या पाण्यात मुळं धूत होतो. मुळं पांढरी असायला हवीत, ती चहाच्या चोथ्यासारखी झाली होती. तिने मला मरणाच्या उन्हात एकेक रोप हातात घेऊन बघायला लावलं. "याचं मूळ बघ. आता याचं. आता याचं." थकून मी बघणं सोडलं तर हनुवटी धरून वळवायची.

दुसऱ्या सकाळी शेठ आले. त्यांना आरडाओरडा करायची सवय नव्हती. ते हळू बोलायचे, आणि ते हळू बोलायला लागले की शेडमधल्या कात्र्या थांबायच्या.

"काशीबाई, हे काय?"

"मेली, शेठ."

"ते दिसतंय. कशाने?"

"राखेनं."

"राख काय आभाळातून पडली?"

"माझ्या वाफ्यावर झालं," ती म्हणाली. "माझ्या हाताखाली झालं."

"वाफा कोणाचा, ते मी विचारलं नाही. घातली कोणी?"

शेडच्या कोपऱ्यात निळ्या पिंपात नळ सोडलेला होता. रिकाम्या पिंपात पाणी पडतं तेव्हा आवाज मोठा आणि जाड येतो. भरत जातं तसा तो बारीक आणि उंच होत जातो. काशीबायने माझ्याकडं पाहिलं. डोळे वटारून नाही. काडी हातात देताना समोरच्याचा हात पुढं यायची वाट बघतात, तसं. मी माझ्या पायांकडं बघत होते. मला पत्र्याची खोली दिसत होती, भट्टी दिसत होती, आईचा पाय दिसत होता. आवाज बारीक होत गेला, आणखी बारीक. पिंप भरलं. पाणी कडेवरून सांडून माझ्या पायांपर्यंत आलं. कोणीतरी जाऊन नळ बंद केला.

"मी," काशीबाय म्हणाली.

"अठरा वर्षं झाली इथं. आणि अनंताला राख?"

"डोकं फिरलं, शेठ."

"फिरलेल्या डोक्याच्या हातात चाकू बरा नाही." त्यांनी हात पुढं केला. तिने कलमाचा चाकू कमरेचा काढला, पदराला पुसला, मिटला आणि दिला. त्यांनी तो तसाच माझ्यापुढं धरला. "सुमन, तू बस तिच्या जागेवर. तुझा हात चांगला आहे म्हणतात."

तसं म्हणणारी काशीबायच होती.

मी चाकू घेतला. मूठ अजून तिच्या अंगाने गरम होती.

तिला काढलं नाही. भिंतीकडेला पिशव्या भरायला बसवलं, जिथं नवी, काही न येणारी माणसं बसतात. आठवड्याने उपटलेली रोपं उन्हात वाळल्यावर शेठनी ती शेडच्या दारातच पेटवायला सांगितली. "काशीबाई, राख घ्या. घरचीच आहे, बाहेरून आणायला नको." मग तीच राख तिला झाडून भरायला लावली. अनंत जळतो तेव्हा फुलाचा वास वगैरे काही येत नाही. नुसता कडू धूर. काशीबाय दुखऱ्या गुडघ्यावर वाकून झाडत होती आणि मी तिच्या स्टुलावर बसून तिच्या चाकूने काड्या कापत होते. त्या दिवशी माझा एकही काप वाकडा गेला नाही. हे मला अजून समजत नाही.

मग तिचं नाव 'राखवाली' पडलं. दुपारच्या चहाला यमू ओरडायची, "राखवाली, साखर घालू का राख?" रोज तेच, आणि रोज तेवढंच हसू. एक दिवस मी हसले. मोठ्याने नाही, पण हसले. न हसणारी मी एकटीच उरले असते आणि कोणीतरी विचारलं असतं, तू का नाही हसत? काशीबायने वर पाहिलं. बाकी कोणाकडं नाही, माझ्याकडं. मग चहात बोट बुडवून तिने एक माशी काढली, बोट पदराला पुसलं आणि चहा पिऊन टाकला.

राख घातली ते अडाणीपणातून. गप्प राहिले ते भीतीतून. त्या हसण्याला मात्र मला आजवर काही नाव सापडलेलं नाही.

पुढचं एक वर्ष तिने मला भिंतीकडेला बसून शिकवलं. दहा पावलांवरून, माझ्याकडं न बघता, माती भरता भरता. "भट्टीवाली, काप तिरका." "ती काडी जून हाय, टाक." ऐकू येणाऱ्या बायका म्हणायच्या, बघा, राखवाली शिकवते. मी ऐकायचे आणि तसंच करायचे. शेवटी एकदा पिशव्यांचा ढीग उचलायच्या निमित्ताने मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, 'मी घातली' असं का सांगितलंस?

"तू बोलली असतीस तर दोघींवर अर्धं अर्धं आलं असतं. मला काढलं नसतं आणि तुला मी काढू दिलं नसतं." ती माती दाबत होती. "वाट बघितली मी. पिंप भरेपर्यंत बघितली."

"मग मला शिकवतेस कशाला?"

"काड्यांचा काय गुन्हा?"

एवढं बोलून तिने पुढची पिशवी घेतली.

धुतलेल्या रोपांमधलं एकच जगलं होतं. ते तिने पिशव्यांच्या ढिगामागं, शेठच्या नजरेआड ठेवलं होतं. माती परत आंबट व्हावी म्हणून चिंचेचं पाणी घालायची, झाकून ठेवायची. इथल्या वसाहतीच्या बागेसाठी अनंत जगवणारं माणूस हवं म्हणून शेठकडं विचारणा झाली तेव्हा त्यांनी माझं नाव दिलं. निघायच्या दिवशी काशीबायने त्या रोपाच्या तीन काड्या ओल्या कापडात गुंडाळून माझ्या पिशवीत खुपसल्या. म्हणाली, "पाणी बघून लाव." बाकी काही नाही. गाडी डहाणू रोडवरून सुटली तेव्हा मी त्या काड्या मांडीवर घेऊन बसले होते आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. नवीन नोकरीचं नाही, तिच्या नजरेतून सुटल्याचं. हेही लिहून ठेवते.

इथलं पाणी घोलवडच्या विहिरीपेक्षा वाईट. तीनपैकी दोन काड्या गेल्या. एक धरली. तिच्यासाठी मी पावसाचं पाणी पिंपांत साठवते. पाऊस असतो तोवर पन्हळीतून पाणी पिंपात पडत राहतं, आवाज बारीक होत जातो आणि मी काहीतरी निमित्त काढून तिथून निघून जाते. पहिल्या वर्षी तिला दोन कळ्या आल्या. वास घेतला आणि खुडल्या. आता तिसरं वर्ष आहे, नऊ कळ्या आहेत. या खेपेला फुलू देणार आहे. तिकडं काशीबायचं रोप पुढच्याच उन्हाळ्यात गेलं, ती तापाने घरी होती आणि ढिगामागं पाणी कोणी घातलं नाही. त्या तीन वाफ्यांतलं जे काही उरलं ते एवढंच, माझ्या कुंडीत.

दुपारी मी तिला फोन लावला. ती अजून भिंतीकडेलाच बसते. गुडघा आता वाकतही नाही, पाय पसरून भरते.

"कळ्या धरल्यात," मी म्हटलं.

"हलवू नको."

"नाय हलवत. इथं आज पाला जाळत होते."

मागं शेडमधला गलबला ऐकू येत होता, कात्र्या, कोणीतरी कोणालातरी हाक मारत होतं.

"राख लांब ठेव," ती म्हणाली आणि हसली. तेवढ्यात मागून आवाज आला, "राखवाली, कोणाशी बोलते गं?"

"भट्टीवालीशी," तिने सांगितलं आणि फोन ठेवला.

काशीबाय, तुला वाचता येत नाही, हे तुला कोणीतरी वाचून दाखवेल. मी तुझं देणं फेडायला येणार आहे. आत्ता नाही, आत्ता कळी आहे. फुलं सरली, पाऊस उतरायला लागला, की ही कुंडी मांडीवर घेऊन डहाणू रोडला उतरेन, मसोलीला तुझ्या अंगणात सकाळचं ऊन बघून ठेवेन. पण फेडणं ते नव्हे. त्यानंतर तुझ्याबरोबर घोलवडला येईन, चहाच्या वेळेला, सगळ्याजणी असतील तेव्हा. यमू असेल, शेठनाही बोलवेन. माझ्याबरोबर इकडं आलेला तुझा चाकू तुझ्या हातात देईन. मग कोपऱ्यातलं निळं पिंप रिकामं करून नळ सोडायला सांगेन आणि ते भरायच्या आत बोलेन.